मोठ्या रीफ टँकचे माप मे महिन्यावरून ठरवावे

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. अशी दोन फुटी टाकी वर्ष-दीड वर्ष नीट चालली, क्लाउनफिशची जोडी रुळली आणि मऊ प्रवाळांनी खडक झाकून टाकला, की मोठ्या टाकीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. बहुतेक जण तेव्हा दिवाणखान्यातील भिंत मोजतात, काचेचा दर विचारतात आणि जेवढी मोठी टाकी बसेल तेवढी सांगून मोकळे होतात. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या, दमट हवेच्या शहरात हा क्रम कदाचित निभावून जाईल. परंतु जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबार येथे राहणाऱ्याने सुरुवात वेगळ्या प्रश्नांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्याच्या दुपारी आपण किती लिटर पाणी २६ अंशांवर राखू शकतो, नळाला पाणी नसलेल्या आठवड्यात किती लिटर शुद्ध पाणी साठवू शकतो आणि वीज गेल्यावर किती तास पाणी हलते ठेवू शकतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून टाकीचे कमाल माप निघते. भिंतीचा विचार त्यानंतर करावा.

या लेखात उदाहरणासाठी एकच माप सर्वत्र धरले आहे: ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २० इंच उंच. काठोकाठ भरल्यास या टाकीत सुमारे ३७७ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा आणि खडकांनी व्यापलेली जागा वजा करून, खालच्या सम्पमधील (फिल्टर आणि पंपांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतील) पाणी मिळवले, तर प्रत्यक्ष सांभाळावे लागणारे पाणी साधारण ४०० लिटर होते. आपल्या मनातील माप वेगळे असल्यास लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व त्याला १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळेल.

पहिली पायरी: उन्हाळ्याचा हिशेब

प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी २९-३० अंशांच्या वर काही दिवस राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींमधील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडू लागतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणे नित्याचे असल्यामुळे, बंद घरातही दुपारी ३८ ते ४० अंश धरूनच चालावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘मोठी टाकी लवकर तापत नाही’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. मोठ्या टाकीत पाण्याच्या मानाने काचेचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून ती सावकाश तापते. मात्र आठवडाभर खोलीच तापलेली राहिली, तर लहान आणि मोठी अशा दोन्ही टाक्या शेवटी तितक्याच तापतात. शिवाय लहान टाकीतील तातडीचे उपाय मोठ्या टाकीत निकामी होतात. गोठवलेल्या पाण्याची एक लिटरची बंद बाटली ७० लिटरच्या टाकीत सोडल्यास पाणी सुमारे दीड अंशाने उतरते. तीच बाटली ४०० लिटरमध्ये सोडल्यास जेमतेम पाव अंशाचा फरक पडतो. घरातील फ्रीज इतका बर्फ पुरवू शकणार नाही, हे आधीच ओळखून पुढचे नियोजन करावे.

मोठी टाकी गार ठेवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पृष्ठभागावर पंखे लावून बाष्पीभवनाने पाणी गार करणे हा पहिला, आणि चिलर, म्हणजे पाणी गार करणारे विजेचे यंत्र, हा दुसरा. पंख्यांविषयी खानदेशातील हवामानाचे एक वैशिष्ट्य समजून घेतले पाहिजे. पंख्याने पाणी किती गार होऊ शकते याची मर्यादा हवेच्या कोरडेपणावर ठरते. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो, त्याखाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. एप्रिल-मेमधील हवा ४३ अंशांची असली तरी अत्यंत कोरडी असते आणि ही मर्यादा २३-२४ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे भर उन्हाळ्यात पंखे चांगले काम देतात. जुलैमध्ये हवा ३२ अंशांचीच असते, पण आर्द्रता ८० टक्क्यांवर गेलेली असल्यामुळे मर्यादा २९ अंशांपर्यंत चढते आणि पंखे निरुपयोगी ठरतात. मे महिना सुखरूप पार पडल्याच्या समाधानात असलेल्या अनेक टाक्या आषाढाच्या उकाड्यात संकटात येतात, त्याचे कारण हे आहे.

याला आणखी एक घरगुती पैलू आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावला जातो. कूलर खोली गार करतो आणि त्याच वेळी खोलीतील आर्द्रताही वाढवतो. परिणामी ज्या खोलीत कूलर चालू आहे, तेथे टाकीवरील पंख्याची क्षमता घटते. कूलरच्या हवेबरोबर बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषारही येतात. म्हणून टाकी कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, आणि कूलर असलेल्या खोलीत केवळ पंख्यावर विसंबून राहू नये.

माझा सल्ला असा की ३०० लिटरच्या वर जाणाऱ्याने चिलरची तरतूद टाकीच्या खर्चातच धरावी. टाकी आज आणि चिलर पुढच्या वर्षी, असा बेत करू नये. पैसे पुरत नसतील तर टाकी लहान करावी. चिलरवर छापलेली लिटरची क्षमता बहुधा सौम्य हवामान गृहीत धरून दिलेली असते आणि भोवतालची हवा ४० अंशांची असताना ती बरीच घटते, त्यामुळे आपल्या लिटरांसाठी सुचवलेल्या मापापेक्षा एक माप मोठे घ्यावे. चिलर पाण्यातील उष्णता काढून खोलीतच सोडतो. तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवल्यास स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेतो आणि सतत चालत राहतो. शक्य असल्यास त्याला गॅलरीत, सावलीत आणि खेळत्या हवेत जागा द्यावी आणि त्याच्या नळ्यांना फोमचे आवरण चढवावे. ज्या घरी एखाद्या खोलीत दिवसभर एसी चालतोच, तेथे टाकी त्या खोलीत ठेवणे हा उत्तम पर्याय आहे. मात्र घरातील सर्व मंडळी लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी गेली तरी तो एसी चालू राहील का, याचे उत्तर आधी मिळवावे.

हिवाळ्याचा विसर पडू देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जाते, म्हणून ४०० लिटरसाठी एकूण ३०० वॅटचे हीटर लागतात. एकच मोठा हीटर घेण्यापेक्षा १५० वॅटचे दोन घ्यावेत, कारण त्यांतील एक चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकळत्या वेगाने तापत नाही आणि एक बंद पडला तरी दुसरा काही काळ सांभाळून घेतो.

दुसरी पायरी: पाण्याचा हिशेब

रीफ टँकला आरओ (पाणी बारीक पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गाळणारे यंत्र) आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून काढलेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असलेले पाणी लागते. स्वयंपाकघरातील पिण्याच्या पाण्याचा आरओ यासाठी चालत नाही. चवीसाठी त्यात काही क्षार मुद्दाम राखलेले किंवा पुन्हा मिसळलेले असतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस पाचशे ते हजारच्या घरात असतो, तेव्हा मेम्ब्रेन आणि रेझिन दोन्ही लवकर संपतात. नळाचे पाणी मिळत असेल तर तेच वापरावे आणि त्यातील क्लोरीन काढण्यासाठी कार्बन फिल्टर वेळेवर बदलावा.

आता आकडे पाहू. पहिल्यांदा टाकी भरण्यासाठी ४०० लिटर शुद्ध पाणी लागेल. प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर पाणी वाया जाते असे धरले, तर एकूण १६०० लिटर कच्चे पाणी लागते. लिटरमागे सुमारे ३७ ग्रॅम या हिशेबाने मिठाचे मिश्रण १५ किलो लागेल. हे मीठ रीफ टँकसाठी तयार केलेलेच असावे. बाजारातील खडेमीठ किंवा मिठागरातील मीठ त्याऐवजी वापरता येत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर घटकांचे समुद्रातील प्रमाण राहिलेले नसते.

पहिली भरती एकदाच होते. खरा भार रोजच्या बाष्पीभवनाचा असतो आणि नवखी मंडळी नेमका तोच हिशेबात धरत नाहीत. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता घेऊन जाते. दिवे, पंप आणि तापलेली खोली मिळून टाकीत सरासरी ३०० वॅट उष्णता येत असेल आणि ती सगळी पंख्यांनीच काढायची असेल, तर दिवसाला १० ते ११ लिटर पाणी उडून जाईल. महिन्याला हे ३०० लिटरच्या वर जाते. त्यात दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्याचे १६० लिटर मिळवावेत. म्हणजे मे महिन्यात ४६० लिटर शुद्ध पाणी आणि त्यासाठी १८०० लिटरहून अधिक कच्चे पाणी लागेल, आणि तेही ज्या महिन्यात अनेक वस्त्यांमध्ये नळाला काही दिवसांआड पाणी येते त्याच महिन्यात. ज्यांना ही तरतूद जड वाटते त्यांनी बाष्पीभवनाचा मार्ग सोडून चिलर निवडावा किंवा टाकीचे माप कमी करावे. आरओमधून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यासाठी, संडासासाठी आणि कपड्यांच्या पहिल्या धुण्यासाठी साठवावे. पाण्याची टंचाई सोसणाऱ्या आपल्या भागात ते गटारात सोडणे योग्य नाही.

उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे शुद्ध पाणीच घालायचे असते, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते. हे काम हाताने करण्याऐवजी पातळी ओळखून पाणी सोडणारे स्वयंचलित उपकरण, ज्याला सर्व जण एटीओ म्हणतात, बसवावे आणि त्याची साठवण किमान चार-पाच दिवसांची, म्हणजे ५० लिटरची ठेवावी. मात्र साठवण अमर्याद मोठीही नसावी. सेन्सर अडकून सगळे पाणी एकदम टाकीत गेले तरी लवणता धोक्याच्या पातळीखाली जाऊ नये, एवढीच ती असावी. ४०० लिटरला ५० लिटर हे प्रमाण त्या दृष्टीने ठीक आहे.

तिसरी पायरी: वीज

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वादळी पाऊस येतो, रावेर-यावलच्या बागांमध्ये केळी आडवी होते आणि तारा तुटल्यामुळे वीज कित्येक तास जाते. अशा वेळी टाकीतील मासे उष्णतेच्या आधी प्राणवायूच्या अभावाने दगावतात. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि पंप थांबल्यावर पृष्ठभागावरील देवाणघेवाण मंदावते. मासे, प्रवाळ आणि खडकांतील जिवाणू मात्र तो तितक्याच वेगाने वापरत राहतात.

घरातील १५० ॲम्पियर-अवर क्षमतेच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते आणि त्यातील साधारण १.२ युनिट वापरण्याजोगी धरावी. २५ वॅटचा एक डीसी वेव्हमेकर (टाकीतील पाणी हलते ठेवणारा पंप) तिच्यावर दीड-दोन दिवस चालू शकतो. ४०० वॅटचा चिलर तीन तासांत ती रिकामी करतो आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका लहान इन्व्हर्टरला पेलवतही नाही. म्हणून इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि कमी वॅटचा रिटर्न पंप (सम्पमधील पाणी वर चढवणारा) एवढेच जोडावे आणि दिवे, स्किमर (फेसाद्वारे घाण काढणारे उपकरण) व चिलर त्यापासून वेगळे ठेवावेत. घरच्या पंख्यांसाठी असलेल्या इन्व्हर्टरवरच टाकी जोडली तर रात्री तीन वाजता बॅटरी संपते. टाकीसाठी स्वतंत्र बॅटरी असणे चांगले. चार्ज करून ठेवण्याचा एक साधा एअर पंपही घरात असावा.

विजेच्या बिलाचा अंदाजही येथेच घ्यावा. पंप मिळून ८० वॅट चोवीस तास, दोन दिवे मिळून ३०० वॅट नऊ तास आणि ४०० वॅटचा चिलर उन्हाळ्यात दहा तास चालतो असे धरल्यास दिवसाला साडेआठ युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे २६० युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे हे युनिट घरच्या वापरात मिसळून वरच्या दराच्या टप्प्यात पडतात. गेल्या मे महिन्याचे बिल समोर ठेवून त्यात हे युनिट मिळवावेत आणि येणारी रक्कम घरातील सर्वांना दाखवून संमती घ्यावी.

चौथी पायरी: जागा आणि वजन

उदाहरणातील टाकीचे वजन मांडून पाहू. ४०० लिटर खारे पाणी ४१० किलो, १२ मिलिमीटर काचेची टाकी जवळपास ८० किलो, सम्प २० किलो, खडक आणि वाळू मिळून ६५ किलो व स्टँड ६० ते ७० किलो. एकूण ६४० किलोच्या आसपास. हा सारा भार पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला ८५० किलोहून अधिक. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, इतका भार धरलेला आहे. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला भार असल्यामुळे ही तुलना सरळसरळ लागू होत नाही, तरीही टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू नये आणि तुळईवर किंवा भारवाहक भिंतीला लागून, तिच्या लांबीला समांतर ठेवावी, हे यावरून स्पष्ट व्हावे. वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवावी. जुन्या धाब्याच्या घरात किंवा लाकडी तुळयांवरच्या माडीवर मोठी टाकी ठेवूच नये. अशा घरात तळमजल्यावरील पक्की फरशी हीच तिची जागा.

भिंत निवडताना पश्चिमेची टाळावी, कारण ती दुपारभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. सर्वांत वरच्या मजल्यावरील खोलीचेही तेच आहे. तळमजल्यावरील, उत्तर किंवा पूर्वेकडील आतली खोली सर्वोत्तम. टाकीच्या मागे किमान सहा इंच जागा ठेवावी आणि जवळच पाण्याचा निचरा असावा.

शेतकरी कुटुंबांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. कापूस-केळीवर फवारायची औषधे ज्या खोलीत ठेवली जातात, तिच्या आसपासही टाकी नसावी. कीटकनाशकांचा अत्यल्प अंशही कोळंबी, खेकडे आणि इतर संधिपाद प्राण्यांना मारतो. फवारणी करून आलेल्या व्यक्तीने आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नये. डासांसाठीचे फवारे आणि अगरबत्त्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

पाचवी पायरी: लांबी, रुंदी, उंची

वरील तीन मर्यादांमध्ये जेवढे लिटर बसतात, ते कोणत्या आकारात भरायचे, हा आता प्रश्न उरतो. माझा अनुभव आणि आवड दोन्ही रुंदीच्या बाजूने आहेत. दोन फूट रुंदी मिळाली, तर खडकांची रचना मागच्या काचेपासून सुटी ठेवता येते, मागेही पाणी खेळते आणि घाण साचत नाही. उंची वाढवल्याने दिसायला भव्य वाटते, पण प्रत्येक जादा इंचामागे काच जाड करावी लागते, तळापर्यंत प्रकाश पोहोचवण्यासाठी दिवे अधिक लागतात आणि तळाला हात पोहोचत नाही. वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडा स्वतःच्या हाताने उचलता आला पाहिजे, यावरून उंची ठरवावी. बहुतेकांसाठी १८ ते २० इंच योग्य, २४ इंच ही शेवटची मर्यादा.

लांबीचा निर्णय दिव्यांशी जोडून घ्यावा. रीफसाठीचा एक चांगला एलईडी दिवा साधारण २ फूट बाय २ फूट क्षेत्र नीट उजळतो. तीन फुटी टाकीला एक दिवा अपुरा पडतो आणि दोन घ्यावे लागतात. चार फुटी टाकीलाही दोनच पुरतात. म्हणजे तीनवरून चार फुटांवर जाताना काच आणि पाणी वाढते, पण सर्वांत महागडा भाग वाढत नाही. पाच फुटी टाकीत मात्र तिसऱ्या दिव्याचा प्रश्न उभा राहतो. मऊ प्रवाळांसाठी ५० ते १५० आणि लहान पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातील एकेक जीव) कठीण प्रवाळांसाठी २०० ते ३५० इतकी पार मूल्ये (प्रवाळांना उपयोगी प्रकाशाची तीव्रता) लागतात, हे लक्षात घेऊन आपल्याला काय पाळायचे आहे तेही आधीच ठरवावे.

माशांच्या बाबतीत लिटरांपेक्षा पोहण्याची लांबी महत्त्वाची असते. टँग जातीच्या माशांना सरळ पोहायला जागा लागते. यलो टँगसाठी चार फूट ही किमान लांबी समजावी. चित्रपटांमुळे सर्वांना ओळखीचा झालेला निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला सहा फुटांखालची टाकी देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दुकानात तो बोटभर असतो, म्हणून मोह होतो, तो टाळावा.

सहावी पायरी: काच, ओव्हरफ्लो आणि सम्प

आपल्याकडील स्थानिक कारागीर गोड्या पाण्याच्या टाक्या उत्तम बनवतात, पण पाच-सहा मिलिमीटर काचेची सवय असल्यामुळे मोठ्या टाकीसाठीही पातळ काच सुचवतात. काचेवरील दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो आणि लांब काच मध्यभागी अधिक वाकते. ४ फूट लांब आणि २० इंच उंच टाकीसाठी १२ मिलिमीटर काच आणि वर चारही बाजूंनी पट्ट्या घ्याव्यात. समोरची काच कमी लोहाची, म्हणजे बाजारात एक्स्ट्रा क्लिअर म्हणतात ती घेतल्यास प्रवाळांचे रंग हिरवट दिसत नाहीत. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून ओव्हरफ्लोची (वरचे पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या वाटेची) भोके कोठे आणि किती व्यासाची, हे कागदावर काढून आधी द्यावे. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले असावे.

टाकी पूर्ण झाल्यावर आठवडाभर सुकू द्यावी. मग सपाट आधारावर गोडे पाणी भरून तीन दिवस ठेवावी आणि प्रत्येक कोपऱ्याखाली कोरडा कागद ठेवून सकाळ-संध्याकाळ तपासावा. कारागीर घाई करत असेल तरी ही चाचणी सोडू नये.

सम्पचे माप वीज जाण्यावरून ठरते, आणि आपल्या भागात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पंप थांबताच वरच्या टाकीतील पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत व रिटर्न नळीच्या तोंडापर्यंत खाली उतरते. चार बाय दोन फुटांच्या पृष्ठभागावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १९ लिटर. दोन इंच उतरले तर ३८ लिटर सम्पमध्ये येतात आणि तेवढी रिकामी जागा तेथे नेहमी असली पाहिजे. रिटर्न नळीचे तोंड पृष्ठभागाच्या जवळच ठेवावे. सगळे जोडून झाल्यावर मुख्य बटण बंद करून सम्प ओसंडतो का ते पाहावे, आणि दिवसातून दोन-तीनदा पाहावे. ओव्हरफ्लोला दोन नळ्या असाव्यात, म्हणजे गोगलगाय अडकून एक बंद झाली तरी दुसरी पाणी वाहून नेते.

नळजोडणी यूपीव्हीसीची असावी. पितळी व्हॉल्व्ह, तांब्याची नळी, गॅल्व्हनाइज्ड जोड यांपैकी काहीही पाण्याच्या संपर्कात येऊ देऊ नये. तांबे बिनकण्याच्या प्राण्यांना विषारी आहे. स्टँडसाठी ४० मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, व्यवस्थित पावडर कोटिंग केलेला, पुरेसा होतो. टाकी आणि स्टँडमध्ये फोमचा थर घालावा आणि चारही कोपरे पाणपातळीने तपासावेत.

खरेदी आणि कायदा

टाकी मोठी झाली की ती भरण्याची घाई होते आणि त्या घाईत बेकायदा खरेदी होऊ शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय समुद्रातील खडक बांधणारी कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांनाही याच अधिनियमाचे संरक्षण आहे. कोकणात फिरायला गेल्यावर खडक किंवा प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. कठीण प्रवाळे वन्य जिवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीत असल्यामुळे परदेशी जातींसाठीही विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे असली पाहिजेत आणि आपल्याकडील नोंदणीची जबाबदारी वनविभागाच्या परिवेश पोर्टलवर पार पाडावी लागते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर तेथून घेऊ नये. खडक म्हणून कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक घ्यावा; आपल्या जुन्या टाकीतील खडक त्याला जिवाणू पुरवतो. क्लाउनफिश घेताना प्रजनन केंद्रात वाढवलेली घ्यावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे विकसित केलेले आहे, आणि केंद्रात वाढलेला मासा टाकीतील खाद्याला आणि वातावरणाला अधिक लवकर रुळतो.

शेवटची पायरी: स्थलांतर

स्थलांतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावे. तेव्हा दिवसाची हवा सुसह्य असते, बादलीत चार-पाच तास ठेवलेले मासे तापत नाहीत आणि उन्हाळा येईपर्यंत टाकीला स्थिर व्हायला वेळ मिळतो. मार्चनंतर टाकी तयार झाली, तर ती रिकामी ठेवून दिवाळीपर्यंत थांबणे मी पसंत करेन.

नवी टाकी किमान एक आठवडा आधी नव्या खाऱ्या पाण्याने भरून चालू करावी. लवणता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, आणि तापमान जुन्या टाकीइतकेच ठेवावे. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, जी डीकेएचमध्ये मोजतात) दोन्हीकडे जुळवावी. जुन्यात ८ डीकेएच आणि नव्यात ११ असेल तर प्रवाळांना तो धक्का जाणवतो. नवा खडक घातला असल्यास अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत प्राणी हलवू नयेत.

हलवण्याच्या दिवशी आधी प्रवाळ, मग खडक आणि सर्वांत शेवटी मासे काढावेत. खडक निघाल्यावर मासे सहज पकडता येतात आणि त्यांची दमछाक होत नाही. खडक सतत पाण्याखाली ठेवावा, कारण उघड्यावर सुकल्यास त्यातील जीव मरून नव्या टाकीत अमोनिया वाढतो. जुनी वाळू नव्या टाकीत घालू नये. तिच्या खालच्या थरात साचलेली घाण आणि हायड्रोजन सल्फाइड ढवळले गेल्यास संपूर्ण टाकी एका रात्रीत जाऊ शकते. नवी वाळू धुऊन घालावी आणि जुन्या वाळूच्या वरच्या थरातील एखादी वाटी स्वच्छ पाण्यात खळबळून बीज म्हणून वापरावी.

पहिले दोन आठवडे दिव्यांची तीव्रता निम्म्यावर ठेवून हळूहळू वाढवावी. रोज अमोनिया, आणि एक दिवसाआड अल्कलिनिटी तपासावी. जुन्या टाकीसाठी बसवलेली डोसिंगची (कॅल्शियमसारखे घटक नियमित घालण्याची) मात्रा लिटरांच्या प्रमाणात सहापट करू नये. प्रवाळ तेवढेच आहेत आणि ते तेवढेच कॅल्शियम वापरतात, म्हणून जुनीच मात्रा चालू ठेवून चाचणीच्या आकड्यांप्रमाणे ती बदलावी. नवे मासे पहिला महिनाभर आणू नयेत. त्यानंतर आणताना रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सच्या बसने मुंबईहून सव्वाचारशे किलोमीटर आलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नये. रिकामी झालेली दोन फुटी टाकी साध्या स्पंज फिल्टरसह चालू ठेवून प्रत्येक नवा मासा तीत चार आठवडे वेगळा ठेवावा, तो नीट खातो आहे आणि अंगावर पांढरे ठिपके नाहीत याची खात्री करावी, आणि मगच त्याला पुढे सोडावे.